अर्नेस्ट शॅकलटन
सर अर्नेस्ट हेन्री शॅकलटन (१५ फेब्रुवारी, १८७४ - ५ जानेवारी, १९२२) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले अंटार्क्टिकाचे ब्रिटिश शोधप्रवासी होते. १९०९ मध्ये दक्षिण ध्रुव सुमारे १८० किमी अंतरावर असताना अन्नसाठा अपुरा पडल्याने ते माघारी फिरले.

१९१५ मध्ये त्यांचे एंड्युरन्स हे जहाज वेडेल समुद्रातील बर्फात चिरडून बुडाले. एलिफंट बेटावर २२ जणांना ठेवून शॅकलटन पाच सहकाऱ्यांसह लहान नावेतून सुमारे १,३०० किमी दूर साउथ जॉर्जिया बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचले. देवमाशांच्या शिकारीची ठाणी मात्र उत्तर किनाऱ्यावर होती आणि बेटाच्या अंतर्भागाचा नकाशा उपलब्ध नव्हता. शॅकलटन, फ्रँक वर्स्ली व टॉम क्रीन यांनी डोंगर व हिमनद्या सुमारे ३६ तासांत ओलांडल्या. अखेरीस एका धबधब्यातून दोराने उतरून ते दरीमार्गे २० मे, १९१६ रोजी स्ट्रॉमनेस येथे पोहोचले. या दरीला पुढे शॅकलटन दरी असे नाव मिळाले. ३० ऑगस्ट, १९१६ रोजी एलिफंट बेटावरील सर्वांची सुटका झाली. मोहिमेच्या रॉस समुद्राकडील तुकडीतील तिघांचा मात्र मृत्यू झाला.

पुढील मोहिमेदरम्यान साउथ जॉर्जियातील ग्रिटविकेन येथे हृदयविकाराने शॅकलटन यांचे निधन झाले. पत्नीच्या इच्छेनुसार त्यांचे दफन तेथेच करण्यात आले.