शिशाला वीज साठवायला शिकविणारे गास्तों प्लांते

यूपीएसच्या पोटात, लिफ्टच्या आपत्कालीन दिव्यामागे आणि शेजारच्या दुकानातल्या इन्व्हर्टरखाली जी जड, मुकी पेटी बसलेली असते, तिचे जनक गास्तों प्लांते होत. २२ एप्रिल १८३४ रोजी फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील ऑर्तेझ या गावी त्यांचा जन्म झाला. धाकटे बंधू फ्रान्सिस पुढे नावाजलेले पियानोवादक झाले. गास्तों मात्र १८५४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पॅरिसमधील कला व उद्योगांच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत भौतिकशास्त्राचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. तेथे एदमों बेकरेल हे त्यांचे वरिष्ठ होते.

पहिली कीर्ती मात्र विजेने दिली नाही. १८५५ मध्ये पॅरिसनजीकच्या मदों येथे त्यांना एका प्रचंड, उडू न शकणाऱ्या प्राचीन पक्ष्याची अश्मीभूत हाडे सापडली. त्यांच्या नावावरून त्या पक्ष्याला ‘गास्टॉर्निस’ असे नाव मिळाले.

त्या काळी वीज मिळविण्याचे प्रमुख साधन म्हणजे रासायनिक घट. त्यातील जस्त संपले की घट संपला. दोन धातूंच्या पट्ट्या आम्लात बुडवून त्यांतून प्रवाह सोडला आणि मग स्रोत काढून घेतला, तर काही क्षण उलट दिशेने वीज वाहते, हे योहान रिटर यांच्या १८०३ च्या प्रयोगांपासून ठाऊक होते. बहुतेकांच्या लेखी तो एक त्रासदायक दोष होता. प्लांते यांनी त्या दोषाकडेच लक्ष वळविले. निरनिराळे धातू तपासता तपासता शिशाने दिलेला उलट प्रवाह सर्वांत बलवान आणि दीर्घ टिकणारा असल्याचे त्यांना आढळले. १८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये विलग करणारा थर ठेवून गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडविले. पुढच्या वर्षी अशा नऊ घटांची बॅटरी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

खरे काम यानंतर सुरू झाले. नव्या पत्र्यांत वीज फारच थोडी मावत असे, कारण रासायनिक क्रिया केवळ पृष्ठभागावर होई. प्लांते घट भरीत, रिकामा करीत, प्रवाहाची दिशा उलटवीत, काही काळ तसाच ठेवीत आणि पुन्हा भरीत. विश्रांतीचा अवधी तासांवरून दिवसांवर, दिवसांवरून आठवड्यांवर जाई. प्रत्येक फेरीत शिसे थोडे अधिक खोलवर सच्छिद्र होई आणि घटाची धारणशक्ती वाढे. एक चांगला घट सिद्ध व्हायला महिने लागत. प्रयोगशाळेत अशी तपश्चर्या करणारे पुष्कळ असतात, पण जिच्या व्यावहारिक उपयोगाचा अजून पत्ताच नाही अशा वस्तूसाठी ती करणारे विरळाच.

कारण अडचण मोठी होती. ही बॅटरी भरायची कशाने? प्लांते यांच्यापाशी बुन्सेन घटांखेरीज साधन नव्हते, म्हणजे जस्त जाळून शिसे भरायचे. तरीही त्यांनी आठशे घटांची मांडणी उभी केली. भरताना ते समांतर जोडायचे आणि वापरताना एकामागोमाग एक. त्या उच्च दाबाच्या ठिणग्यांवरून त्यांनी वातावरणातील विजेचा, विशेषतः गोलाकार विजेचा, अभ्यास केला आणि १८७९ मध्ये आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्लॅटिनमची तार तापवून मेणबत्ती पेटविणाऱ्या आपल्या छोट्या उपकरणाला त्यांनी शनीचे नाव दिले होते. युरोपातील किमयागार शिशाला शनीचा धातू मानीत. आपल्याकडे तो मान लोखंडाला, एवढाच फरक.

१८७१ मध्ये ग्राम यांचा डायनॅमो आला आणि भरणीचा प्रश्न सुटू लागला. दहा वर्षांनी कामीय फोर यांनी पत्र्यांना शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन महिन्यांची सिद्धता जवळजवळ अनावश्यक केली. बाजारपेठ उघडली ती फोर यांच्या लेपामुळे. बावीस वर्षे जोपासलेल्या कल्पनेचे व्यापारी यश दुसऱ्याच्या वाट्याला गेले, हे प्लांते यांनी जिवंतपणी पाहिले.

आजच्या बंदिस्त बॅटरीचे रसायन मात्र त्यांचेच आहे. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि भरताना ते विरघळून पूर्वस्थिती येते. प्लांते यांच्या जाड पत्र्याला विश्रांतीत होणारी ही झीज उपकारक होती, कारण खायला शिसे मुबलक होते. आजच्या मोजक्या लेपाच्या पट्ट्यांना तीच विश्रांती घातक ठरते. रिकामी बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली की सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, आणि मग कितीही भरले तरी ते विरघळत नाहीत. पावसाळ्यात वीज गेल्यावर शेवटच्या थेंबापर्यंत बॅटरी पिळून घेण्याची आपली सवय म्हणूनच महागात पडते. बारा व्होल्टची बॅटरी भार असताना १०.५ व्होल्टखाली उतरू देऊ नये आणि वीज येताच भरायला लावावी. न वापरता ठेवायची असेल तर पूर्ण भरून ठेवावी व निदान सहा महिन्यांनी पुन्हा भरावी. आपल्याकडील उन्हाळ्यात त्याआधीच.

अति भरणेही तितकेच वाईट. बंदिस्त बॅटरीत पाणी घालता येत नाही. दाब वाढला की झडपेतून वायू निसटतो आणि गेलेले पाणी परत येत नाही. सतत जोडून ठेवायची असेल तर चार्जरचा दाब साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट असावा. रोज रिकामी होऊन भरली जाणारी असेल तर १४.४ ते १४.७, पण भरून होताच तो खाली यायला हवा. नेमका आकडा बॅटरीच्या अंगावर छापलेला असतो, तोच प्रमाण मानावा. उष्णतेचा हिशेब तर कोणी करीतच नाही. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते. बॅटरी बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवून ठेवणारी कितीतरी घरे आहेत.

२१ मे १८८९ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, प्लांते यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, एप्रिल १८९९ मध्ये, कामीय झेनात्झी यांनी पॅरिसजवळ एक विजेवर चालणारी मोटार ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने पळविली. रस्त्यावरच्या कोणत्याही वाहनाने तो टप्पा प्रथमच ओलांडला होता, आणि तिच्या पोटात शिशाचेच घट होते.