गोड शब्द, कडू करणी

राज्यकर्त्यांची भाषा एकाएकी मृदू झाली की प्रजेने सावध व्हावे, हा धडा ज्याने जगाला दिला त्या जॉर्ज ऑर्वेलचा जन्म आपल्याच देशात, बिहारमधील मोतीहारी येथे, २५ जून १९०३ रोजी झाला. एरिक आर्थर ब्लेअर हे त्याचे मूळ नाव. वडील इंग्रज सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते.

१९२२ साली तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाला. साम्राज्याच्या सुव्यवस्थेचा खरा अर्थ तुरुंग आणि फटके हाच आहे, हे पाच वर्षे जवळून पाहिल्यावर त्याने नोकरी सोडली. १९३७ साली स्पेनमध्ये फॅसिस्टांशी लढताना गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. परंतु खांद्याला खांदा लावून लढलेल्या सोबत्यांना स्वपक्षीयांनीच देशद्रोही ठरवले, तो घाव अधिक खोल होता. पुढे १९४१ ते १९४३ या काळात बीबीसीवरून हिंदुस्थानासाठी युद्धकालीन प्रचार करताना सरकारी शब्दांची टांकसाळ त्याने आतून पाहिली.

क्षयाने पोखरलेल्या देहाने स्कॉटलंडच्या जुरा बेटावर त्याने ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी पुरी केली. ती १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील राज्यात युद्धखाते शांततेचे नाव मिरवते, छळखाते प्रेमाचे. आणि शब्दकोश मुद्दाम आखूड केला जातो, कारण शब्दच उरला नाही तर बंडाचा विचारही सुचू नये. २१ जानेवारी १९५० रोजी, अवघ्या ४६ व्या वर्षी, तो निवर्तला.

पुढच्याच वर्षी, १९५१ साली, सालाझारच्या सरकारने राज्यघटनेतून वसाहत हा शब्द काढून सागरपार प्रांत हा शब्द घातला. गोमंतकाची पाटी बदलली. सेन्सॉर, पोलीस आणि कोठडी तीच राहिली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले, तेव्हा कागदोपत्री गोवा परतंत्र नव्हताच! आमच्या ताब्यात वसाहतच नाही, असे पोर्तुगालने संयुक्त राष्ट्रसंघातही निर्ढावलेपणाने सांगितले.

परके गेले, ती खोड मात्र गेली नाही. दरवाढीला दरसुधारणा म्हणणारी पत्रके स्वराज्यातही निघतात. अशा वेळी त्या वस्तूचे साधे, घरातले नाव काय, एवढाच प्रश्न नागरिकाने विचारावा. ऑर्वेलचे याहून उचित स्मरण आम्हांस दुसरे दिसत नाही.