रिकामी खुर्ची

महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवीन नाही. १८७३ साली निघालेले हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. हे लोक कोण, असा प्रश्न मला पडला. लिंकन सर्वांच्या परिचयाचा. पण शोध घेता घेता माझी गाठ चार्ल्स समनरशी पडली आणि हा माणूस मनातून जाईना.

समनरचा जन्म ६ जानेवारी १८११ रोजी बोस्टन येथे झाला. हार्वर्डमध्ये तो कायदा शिकला. १८३८ साली पॅरिसला सॉर्बोनमध्ये व्याख्याने ऐकत असता कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांत मिळूनमिसळून वावरताना त्याने पाहिले. आपल्या देशातील भेद निसर्गाने केलेला नाही, तो शिकवणुकीने आला आहे, असे त्याने रोजनिशीत नोंदवले.

पुढे बोस्टनमध्ये सारा रॉबर्ट्स या लहानग्या कृष्णवर्णीय मुलीला जवळच्या शाळा सोडून दूरच्या वेगळ्या शाळेत जावे लागे. वडिलांनी दावा लावला. रॉबर्ट मॉरिस या कृष्णवर्णीय वकिलाच्या जोडीने समनरने १८४९ साली तो लढवला. वेगळी शाळा हीच विषमता, हा त्याचा मुद्दा होता. दावा हरला, पण १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायद्यानेच असा भेद बंद केला.

१८५१ साली तो सिनेटमध्ये गेला. मे १८५६ मध्ये कॅन्सस प्रांतात गुलामगिरी लादण्याच्या प्रयत्नांवर त्याने दोन दिवस घणाघाती भाषण केले. त्यात सिनेटर बटलरची बोचरी टवाळी होती. ती करायला नको होती, असे मलाही वाटते. बटलरचा नातलग प्रेस्टन ब्रुक्स हा प्रतिनिधिगृहाचा सभासद होता. २२ मे रोजी त्याने सभागृहात लिहीत बसलेल्या समनरला काठीने बेशुद्ध होईपर्यंत झोडपले. ब्रुक्सला शिक्षा झाली ती अवघी तीनशे डॉलर दंडाची!

डिसेंबर १८५९ पर्यंत समनरला नियमित काम करता आले नाही. तरीही मॅसॅच्युसेट्सने दुसरा माणूस धाडला नाही. त्यालाच पुन्हा निवडले. ती रिकामी खुर्चीच जणू त्याचे भाषण करीत होती.

यादवी युद्धात गुलामांची मुक्ती जाहीर करावी म्हणून त्याने लिंकनच्या मागे सतत लकडा लावला. युद्धानंतर मुक्त झालेल्यांना मतदानाचा व समान नागरिकत्वाचा हक्क हवा, असा त्याचा आग्रह राहिला. स्वभाव मात्र ताठर व अहंमन्य. संसार टिकला नाही, मित्र दुरावले. सांतो दोमिंगो अमेरिकेला जोडण्यास विरोध करून त्याने अध्यक्ष ग्रँटचा रोष ओढवून घेतला आणि १८७१ मध्ये परराष्ट्र समितीचे अध्यक्षपदही गमावले.

११ मार्च १८७४ रोजी तो वारला. आपले नागरी हक्कांचे विधेयक वाया जाऊ देऊ नका, हीच त्याची अखेरची विनवणी होती. १८७५ मध्ये ते संमत झाले, पण शाळांचे कलम वगळून. आणि १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदीही रद्द ठरवल्या. अखेर १९५४ साली त्याच न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. लहानग्या सारासाठी समनरने मांडलेला मुद्दा मान्य व्हायला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

समनर लोकप्रिय नव्हता, निर्दोष तर नव्हताच. पण हरलेला दावा खोटा नसतो, एवढे मी त्याच्यापासून शिकलो.