कल्याणची यमू

मी कॉन्व्हेंटवाली. मराठी घरी आणि लोकलमध्ये बोलते, लिहायची वेळ परीक्षेपुरतीच आली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला.

फर्स्ट इयरला माझा एक ग्रुप होता. मेस एकत्र, सबमिशन एकत्र. मग कधीतरी टिंगलीचा विषय मीच झाले. माझं मराठी, माझे कपडे, माझं डोंबिवली. मी टेबलाजवळ गेले की सगळे गप्प. मी मेस बंद व्हायच्या वेळी जेवायला जायला लागले. त्या सुट्टीत घरी आनंदीबाई जोशींवरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. अमेरिकेत डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री, एवढं जी.के.साठी पाठ होतं. ती शेजारच्या कल्याणची, हे माहीतच नव्हतं!

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना. (‘ती’च म्हणते, वय आपल्याएवढंच.) आईचा हात फार जड. दगड, काठी, निखारे, काहीही. नवव्या वर्षी लग्न झालं. गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरीला. त्यांनीच तिला शिकवलं, आणि शिकवताना लाकडाने मारलंही, खुर्च्या फेकल्या. त्यांच्याबद्दल काय वाटून घ्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं.

मुंबईत ती बूट-मोजे घालून शाळेत जायची, तेव्हा लोक खिडक्यांतून डोकावून हसायचे. व्हरांड्यात बसलेली प्रतिष्ठित मंडळी खडे मारायची, दुकानदार थुंकायचे. ती तरी रोज जायची. मी तर टेबल बदललं होतं.

गोपाळरावांनी तिच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. उत्तराचा सूर असा, की आधी ख्रिस्ती व्हा. पण १८८० साली ही पत्रं तिकडच्या एका मासिकात छापून आली, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी ती दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत वाचली. ओळख ना पाळख, तरी त्यांनी पत्र लिहिलं. पत्रं वाढत गेली, आनंदी त्यांना मावशी म्हणायला लागली. मला इथे थांबून विचार करावासा वाटला. घरचे, शेजारचे, रस्त्यावरचे, कुणाचंच धड नाही, आणि आपलं माणूस निघालं ते सातासमुद्रापार. (माझं निघालं लायब्ररीत. शेजारच्या खुर्चीवरच्या सीनिअर ताईने न विचारता मॅथ्स-थ्रीच्या नोट्स पुढे सरकवल्या. आता जेवायला तिच्याबरोबर जाते.)

२४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात तिने इंग्रजीत भाषण केलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वय पुरतं अठराही नाही. एप्रिलमध्ये नवऱ्याशिवाय बोटीवर चढली. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मावशी घ्यायला हजर.

फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी तिला स्कॉलरशिप दिली. होस्टेलकरांनो ऐका, तिच्या खोलीतली शेगडी पेटवली की धूर व्हायचा आणि विझवली की थंडी! तिथे जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबूली भेटल्या. तिघींचा आपापल्या देशाच्या वेषातला १८८५ चा फोटो प्रसिद्ध आहे. आपल्या ग्रुप फोटोंपेक्षा मला तो जास्त आवडतो.

११ मार्च १८८६ ला ती एम.डी. झाली. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डवर तिची नेमणूकही झाली, पण क्षयाने तिला तिथे काम करू दिलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. वय २१.

तिची रक्षा मावशींकडे अमेरिकेला पाठवली गेली. पुकिप्सीच्या स्मशानभूमीत मावशींनी ती आपल्या घरच्या माणसांच्या जागेत ठेवली.