फ्रीडरिश मीशर : मलमपट्टीतून लागलेला शोध
फ्रीडरिश मीशर यांचा जन्म १८४४ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. ते डॉक्टर झाले, पण तापाच्या आजारात कान अधू झाल्याने रुग्ण तपासणे कठीण होते. म्हणून ते संशोधनाकडे वळले. जर्मनीत ट्युबिंगेनच्या किल्ल्यातील जुन्या मुदपाकखान्यात प्रयोगशाळा होती. तेथे इस्पितळातल्या पुवाने भरलेल्या पट्ट्या धुऊन त्यांनी १८६९ मध्ये पेशीकेंद्रातून नवा पदार्थ वेगळा केला. तेच आजचे डीएनए. गुरू होपे-झायलर यांनी प्रयोग स्वतः पडताळून पाहिले. शोध १८७१ मध्ये छापून आला. १८९५ मध्ये मीशर क्षयाने वारले, वय अवघे ५१. आज थुंकीतील क्षयजंतूंचे डीएनए सुमारे दोन तासांत ओळखता येते. कॅडेट मित्रांनो, एक वाट बंद झाली म्हणून ते थांबले नाहीत, हे लक्षात ठेवा.