बहिणाबाईंची न लिहिलेली गाणी

काही लक्षात ठेवायचं असलं, की तुम्ही काय करता? फोनमध्ये लिहून ठेवता, हो ना? पण ज्यांना लिहिताच येत नव्हतं, त्या काय करत असतील? आज अशाच एका मोठ्या कवयित्रीची ओळख करून घेऊ या.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावात झाला. हा भाग खानदेशात येतो. त्या शाळेत कधीच गेल्या नाहीत. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि त्या जळगावला आल्या. तिशीच्या सुमारास नवरा वारला. तीन मुलं, घर आणि शेती, सगळं त्यांच्यावरच आलं. तरी गाणी सुचतच राहिली.

त्या काळी बायका पहाटे उठून जात्यावर धान्य दळायच्या. जातं म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन गोल दगड. वरचा दगड हाताने फिरवायचा आणि फिरवता फिरवता ओव्या म्हणायच्या. बहिणाबाई अशाच काम करता करता, आपल्या घरच्या बोलीत, स्वतःची गाणी रचायच्या.

मग ती लक्षात कशी राहायची? आपली स्मरणशक्ती तीन कामं करते. आधी गोष्ट टिपते, मग साठवते आणि हवी तेव्हा परत शोधून काढते. शोधायला मात्र काहीतरी खूण लागते. गाण्यात अशा खुणा भरपूर असतात. यमक पुढचा शब्द सुचवतं. ताल चुकला, तर शब्द चुकल्याचं लगेच कळतं.

आता जळगावहून थेट अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला जाऊ. कदाचित तुमच्यापैकी कोणी तिथेच राहत असेल! तिथल्या मिशिगन विद्यापीठात आर्थर मेल्टन नावाचे मानसशास्त्रज्ञ स्मरणशक्तीचा अभ्यास करायचे. एकच गोष्ट लागोपाठ घोकण्यापेक्षा मध्ये वेळ जाऊ देऊन पुन्हा म्हटली, तर ती जास्त टिकते. या विषयावर त्यांनी १९७० साली लेख लिहिला. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच व्हायचं, नाही का? आज म्हटलेली ओवी उद्या पहाटे पुन्हा ओठांवर यायची.

पण एकाच माणसाच्या डोक्यात असलेलं गाणं त्या माणसाबरोबर जातं. बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले. त्यांनी आणि एका नातेवाइकाने आईची काही गाणी ऐकून वहीत लिहून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्र्यांना गाणी फार आवडली आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. जी गाणी कोणी लिहूनच घेतली नाहीत, ती मात्र कायमची गेली.

ज्या बाईंनी कधी शाळा पाहिली नाही, त्यांचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला दिलं गेलं.

आता तुमची पाळी!
१. गाणं लक्षात ठेवायला सोपं का जातं? दोन कारणं सांगा.
२. आजी-आजोबांना फोन करा. त्यांना पाठ असलेलं एक जुनं गाणं ऐका आणि वहीत लिहून घ्या. हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, बरं का!