पडद्यावरचे लोकशिक्षक : जॉन ग्रिअर्सन

१० नोव्हेंबर १९२९ रोजी लंडनच्या फिल्म सोसायटीने एकाच कार्यक्रमात दोन मूकपट दाखवले. पहिला होता आयझेनस्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेम्किन’. या रशियन चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाला ब्रिटनमध्ये तेव्हा बंदी होती. दुसरा चित्रपट ‘ड्रिफ्टर्स’, आणि त्याचा दिग्दर्शक होता एकतीस वर्षांचा एक अपरिचित स्कॉटिश तरुण. उत्तर समुद्रात हेरिंग मासे पकडणारे कोळी, त्यांच्या बोटी, पाण्यातून ओढली जाणारी जाळी आणि बंदरावरचा लिलाव, एवढाच त्याचा विषय. त्यात ना नायक-नायिका होत्या, ना प्रेमकथा. तरीही जाणकारांनी त्याचे मनापासून स्वागत केले. ब्रिटिश पडद्यावर कष्टकरी माणूस आजवर बहुधा विनोदापुरताच येत असे. तो प्रथमच सन्मानाने अवतरला होता. या तरुणाचे नाव जॉन ग्रिअर्सन. भारतीय भाषांची पाहणी करणारे जॉर्ज ग्रिअर्सन ते हे नव्हेत. मात्र लोकशाहीतील नागरिकाला बोलते करणारी एक नवी भाषा या ग्रिअर्सन यांनी घडवली.

२६ एप्रिल १८९८ रोजी स्कॉटलंडमधील डीनस्टन या गावी त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर होते. आई समाजवादी विचारांची आणि स्त्रियांच्या मताधिकाराची पुरस्कर्ती. शिक्षणानेच माणूस नागरिक होतो, हा संस्कार त्यांना घरातूनच मिळाला. पहिल्या महायुद्धात सुरुंग काढणाऱ्या नौकांवर सेवा केल्यानंतर त्यांनी ग्लासगो विद्यापीठात तत्त्वज्ञान व साहित्य यांचे अध्ययन केले आणि १९२४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ते शिकागोला गेले.

तेथे त्यांना आयुष्यभर पुरणारा प्रश्न सापडला. अमेरिकी विचारवंत वॉल्टर लिपमन यांनी त्या काळात एक अस्वस्थ करणारा सिद्धान्त मांडला होता. आधुनिक जग इतके गुंतागुंतीचे झाले आहे, की सामान्य मतदाराला त्याचे पुरेसे आकलन होणेच शक्य नाही. मग लोकमतावर चालणाऱ्या राज्यव्यवस्थेचा आधार तो काय? ग्रिअर्सन यांना यातील निदान पटले, निराशा पटली नाही. स्थलांतरितांच्या वस्त्यांत लोकप्रिय वृत्तपत्रे कशी वाचली जातात, हे त्यांनी पाहिले. रुक्ष माहितीपेक्षा नाट्यमय रीतीने सांगितलेली बातमी माणसाला सार्वजनिक जीवनाकडे ओढून आणते, हे त्यांच्या ध्यानी आले. हे काम चित्रपट अधिक समर्थपणे करील, अशी त्यांची खात्री झाली. फेब्रुवारी १९२६ मध्ये रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘मोआना’ या चित्रपटावर न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिताना त्यांनी ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द योजला. मराठीत पुढे अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणून जो प्रकार ओळखला गेला, त्याचे हे नामकरण होते.

१९२७ मध्ये मायदेशी परतल्यावर ते एम्पायर मार्केटिंग बोर्ड या सरकारी संस्थेत दाखल झाले. चित्रपटांवर पैसा खर्च करण्यास अर्थखाते राजी नव्हते. तेव्हा ग्रिअर्सन आणि त्यांचे वरिष्ठ स्टीफन टॅलेंट्स यांनी मोठी चतुराई केली. अर्थखात्याचे सचिवपद सांभाळणारे मंत्री आर्थर सॅम्युअल यांनी हेरिंग माशावर एक ग्रंथ लिहिला होता. साहजिकच पहिल्या चित्रपटाचा विषय हेरिंग ठरला आणि निधी मंजूर झाला. या किश्श्यात ग्रिअर्सन यांच्या साऱ्या कारकिर्दीचे मर्म आहे. सत्य सांगायचे, पण ते सत्ताधाऱ्याच्या पैशातून, ही कसरत त्यांनी पुढे अखंड केली.

‘ड्रिफ्टर्स’नंतर त्यांनी स्वतः दिग्दर्शन जवळजवळ सोडले आणि तरुणांची एक तुकडी उभी केली. १९३३ मध्ये ही तुकडी टपाल खात्याकडे गेली. तेथे ‘नाइट मेल’ (१९३६) हा रात्रीच्या टपालगाडीवरील चित्रपट तयार झाला. कवी ऑडेन आणि संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचा त्याला हातभार लागला. ग्रिअर्सन यांचे सहकारी एडगर ॲन्स्टी आणि आर्थर एल्टन यांनी ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ (१९३५) मध्ये पूर्व लंडनच्या पडझड झालेल्या घरांतील रहिवाशांनाच कॅमेऱ्यासमोर बोलते केले. ग्रिअर्सन यांची भगिनी रूबी हिने या रहिवाशांचा संकोच घालवला. मात्र या चित्रपटाचा खर्च गॅस उद्योगाने केला होता. त्यामुळे नव्या घरांची आणि गॅसच्या शेगड्यांची भलामण त्यात होती. घरमालकांच्या जबाबदारीचा प्रश्न विचारलेला नव्हता. प्रायोजकाची मर्यादा ही अशी होती.

१९३९ मध्ये कॅनडाने राष्ट्रीय चित्रपट मंडळ स्थापले आणि ग्रिअर्सन त्याचे पहिले आयुक्त झाले. युद्धाच्या सहा वर्षांत मंडळाचा नोकरवर्ग ७०० च्या पुढे गेला. ‘चर्चिल्स आयलंड’ या मंडळाच्या चित्रपटाला अनुबोधपटासाठीचे पहिले ऑस्कर मिळाले. परंतु त्याहून मोलाचे काम खेड्यापाड्यांत झाले. फिरते प्रक्षेपक घेऊन मंडळाची माणसे गावोगावच्या शाळांत आणि सभागृहांत जात, चित्रपट दाखवत आणि नंतर गावकऱ्यांत चर्चा घडवत. खेळ संपल्यावर सुरू होणारा संवाद हाच ग्रिअर्सन यांना अभिप्रेत असलेला लोकशाहीचा वर्ग होता.

या कार्याला काळी बाजूही होती. युद्धकाळात कॅनडाने जपानी वंशाच्या सुमारे २२,००० लोकांना घरादारातून हुसकावून छावण्यांत व दूरच्या वसाहतींत पाठवले. १९४५ मध्ये मंडळाच्याच एका चित्रपटाने या अन्यायाचे गोंडस चित्र रंगवले. राज्यसंस्थेच्या हेतूंवर विसंबलेला अनुबोधपट किती सहज दिशा हरवतो, याचा हा दाखला होय. त्याच वर्षी ओटावातील सोव्हिएत दूतावासातील कर्मचारी इगोर गुझेन्को याने हेरगिरीची कागदपत्रे उघड केली. त्यांत ग्रिअर्सन यांचा ओझरता उल्लेख होता. १९४६ मध्ये चौकशी आयोगापुढे त्यांना साक्ष द्यावी लागली. दोष काहीही सिद्ध झाला नाही. तरी अमेरिकेचे दरवाजे त्यांना बंद झाले. ज्या शासनसंस्थांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांनीच त्यांच्याकडे संशयाने पाहिले.

पुढे त्यांनी युनेस्कोत काम केले, १९५७ पासून स्कॉटिश दूरचित्रवाणीवर जगभरातील अनुबोधपटांचा परिचय करून दिला, तर अखेरच्या वर्षांत मॅकगिल विद्यापीठात अध्यापन केले. १९७१ मध्ये ते काही महिने भारतात हिंडले. देशात ठिकठिकाणी छोटी चित्रपट पथके असावीत, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईत १९४८ पासून कार्यरत असलेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट तेव्हा चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी सक्तीने दाखवले जात. ग्रिअर्सन यांचा भर मात्र लोकांच्या जवळ जाण्यावर होता. भारतात परतण्याचा त्यांचा मानस अपुराच राहिला. १९ फेब्रुवारी १९७२ रोजी इंग्लंडमधील बाथ येथे त्यांचे निधन झाले.

पुढे अनुबोधपट सरकारच्या छत्राखालून बाहेर पडला आणि त्याच सरकारला जाब विचारू लागला. ग्रिअर्सन यांच्या वाटेवरचे हे पुढचे पाऊल त्यांनी स्वतः टाकले नाही. परंतु बंदरावरचा कोळी आणि पडक्या घरातील गृहिणी यांचे म्हणणे देशाने ऐकले पाहिजे, हे त्यांनी रुजवले नसते, तर जाब विचारण्याची ही रीत इतक्या सहज हाती आली नसती.